नवी टूरिंग बाईक : वॉरंटी शाबूत ठेवून काय काय सुधारता येतं

नवी गाडी घरी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं की आठवड्याभरात प्रश्न सुरू होतात. सायलेन्सर कुठला लावू? रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलणं) केलं तर पिकअप किती वाढेल? गाडी हिमालयन ४५० असो, व्ही-स्ट्रॉम एसएक्स असो, एक्सपल्स असो की मीटिअर, प्रश्न तेच असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या नव्या चालकांना माझं कळकळीचं सांगणं असं की या प्रश्नांना सर्वांत शेवटी हात घाला. चोर्ला घाटात, आंबोलीच्या वळणांवर किंवा रायबाग-अथणीच्या उसाच्या रस्त्यांवर तुमची गाडी कमी पडते ती इंजिनामुळं क्वचितच. कमी पडतात ते शॉक, टायर, ब्रेक, रात्रीचा उजेड आणि बसायची ठेवण. या सगळ्या गोष्टी वॉरंटीला धक्का न लावता सुधारता येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर पैसाही लागत नाही.

आधी पुस्तिका वाचा

गाडीबरोबर मिळालेली वॉरंटी पुस्तिका बहुतेकांनी उघडलेलीच नसते. एक संध्याकाळ काढून ती वाचा. ‘कशाला वॉरंटी लागू नाही’ हा भाग तर पेन्सिल घेऊन वाचा. साधारण सगळ्या कंपन्यांचा मजकूर सारखाच असतो: ठरलेल्या मुदतीत सर्व्हिस केली नसेल, कंपनीनं मान्य न केलेले भाग बसवले असतील, मूळ रचनेत बदल केला असेल, शर्यतीत गाडी वापरली असेल, तर दावा नाकारता येतो. ब्रेक पॅड, चेन सेट, क्लच प्लेट, फिल्टर हे झिजणारे भाग वेगळे दिलेले असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या उत्पादकाची असते, गाडीच्या कंपनीची नसते.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून पुष्कळांचा गैरसमज होतो. तिकडं १९७५ चा मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून तिथं वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळंच झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही. आपला आधार म्हणजे पुस्तिकेतला मजकूर आणि वाद झालाच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. म्हणून व्हिडिओतला माणूस ‘काही होत नाही’ म्हणाला तर तो कुठल्या देशात बसून बोलतोय ते आधी बघा.

पहिल्या सर्व्हिसपर्यंत काहीच करू नका

काही कंपन्या पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला देतात, काही १००० ला. दिवसांचीही मर्यादा असते. किलोमीटर आणि दिवस यांतलं जे आधी येईल ते धरायचं. वॉरंटी गमावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ही तारीख चुकवणं. पावसाळ्यात गाडी महिनाभर झाकून ठेवली आणि तारीख उलटून गेली, असं आपल्या भागात सहज होतं.

या काळात निपाणीपर्यंत हायवेनं एकाच वेगात गाडी पळवू नका. नव्या इंजिनाला बदलता वेग, बदलते गिअर लागतात. खानापूर-नंदगड-हल्याळ किंवा शिनोळीवरून चंदगड हे रस्ते त्यासाठी उत्तम, चढउतार आणि वळणं आपोआप मिळतात. गाडीचा स्वभावही याच काळात कळतो. कुठं हात दुखतो, कुठल्या खड्ड्यात मागचा शॉक तळाला आपटतो, हेडलाइट कुठपर्यंत पोचतो हे लिहून ठेवा. पुढं खर्च कशावर करायचा ते हीच यादी ठरवील.

शॉकची मापं घ्या

सर्वांत मोठा फरक इथं पडतो, आणि नवे चालक नेमकं हेच सोडून देतात. कंपनी मागचा शॉक एका सरासरी माणसासाठी लावून पाठवते. तुम्ही पंचावन्न किलोचे असाल किंवा पंचाण्णव किलोचे, मागं घरची माणसं आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील, तर ते सेटिंग तुमचं नाही.

मोजायचं असं. एक मित्र आणि एक टेप लागते. मेन स्टँड असेल तर गाडी त्यावर घ्या, नसेल तर दोघांनी मागून उचलून धरा. मागचं चाक हवेत लोंबकळलं पाहिजे. चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंत अंतर मोजा. समजा ते ५६० मिलिमीटर आलं. आता गाडी खाली घ्या, जॅकेट, हेल्मेट, बूट घालून नेहमीसारखे बसा, एक-दोनदा उसळी द्या आणि स्थिर व्हा. मित्रानं तेच अंतर पुन्हा मोजायचं. ते ४८५ आलं तर तुमच्या वजनानं शॉक ७५ मिलिमीटर दबला. या दबण्याला सॅग म्हणतात. टूरिंग गाडीला तो एकूण प्रवासाच्या, म्हणजे चाक जास्तीत जास्त जितकं खाली-वर होतं त्या अंतराच्या, साधारण तीस टक्के असावा. हिमालयन ४५० च्या चाकाचा प्रवास २०० मिलिमीटर आहे, म्हणजे सुमारे ६० हवा. ७५ म्हणजे गाडी मागं बसलेली आहे: वळणात पुढचं चाक हलकं होणार, हेडलाइट झाडांवर पडणार, चोर्ल्याच्या खड्ड्यात शॉक तळाला लागणार. प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एक-दोन पायऱ्या वाढवा आणि पुन्हा मोजा. मीटिअरसारख्या दोन शॉकच्या गाडीला सहा पायऱ्यांचा प्रीलोड असतो. दोन्ही बाजूंना तीच पायरी ठेवायला विसरू नका.

पाना गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, पद्धत मॅन्युअलमध्ये असते. कंपनीनंच दिलेलं हे सेटिंग असल्यामुळं वॉरंटीचा प्रश्नच येत नाही. एकटे असताना एक आणि मागं माणूस व सामान असताना एक, अशा दोन पायऱ्या ठरवून सीटखाली कागदावर चिकटवून ठेवा. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन आणि गिअर लिव्हरची उंचीही याच दिवशी आपल्या हातापायांना बसेल अशी करून घ्या.

हवा, चेन, टायर

हवेचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा. पंपावरच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, खिशातलं स्वतःचं गेज घ्या. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा कमी करणं चुकीचं आहे. टायर थंड झाला की तो मऊ पडलेला असतो.

चेन जास्त ताणली तर गाडी ‘टाइट’ वाटते, पण मागचं चाक खाली-वर होताना तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो. हा बिघाड दाव्याला आला की सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा चेनच बघतं. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या पावसात आणि लाल चिखलात एक दिवस फिरलात की त्याच रात्री चेन धुऊन, पुसून, ल्युब मारा.

टायर बदलायचे तर मूळ साइजचेच घ्या, आणि बाजूवर लिहिलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) व वेगाचं अक्षर मूळ टायरइतकं किंवा वरचं असू द्या. मागं एक नंबर रुंद टायर घालायची फार हौस असते. त्यानं वळणात गाडी जड होते, स्विंगआर्मला किंवा चेनला टायर घासू शकतो आणि एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) गणित चाकाच्या घेरावर चालतं तेही हलतं. तुमचं फिरणं नव्वद टक्के डांबरावर असेल तर मोठ्या गुठळ्यांच्या ऑफ-रोड टायरपेक्षा पाणी चांगलं काढणारा टायर आंबोलीच्या पावसात जास्त उपयोगी पडतो.

स्प्रॉकेटचंही (चेनच्या दातेरी चाकाचंही) विचारतात. पुढचा पंधरा दात्यांचा काढून चौदाचा घातला की चाकावरचा जोर साधारण सात टक्के वाढतो, घाटात पिकअप जाणवतो. त्याच्या बदल्यात हायवेला इंजिन त्याच प्रमाणात जास्त फिरतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. शिवाय हा मूळ रचनेतला बदल आहे. चेन, गिअरबॉक्स, क्लच यांचा दावा त्यावरून नाकारला जाऊ शकतो, म्हणून वॉरंटीच्या काळात मी हे करायला सांगणार नाही. घाटात एक गिअर खाली घ्या, तोच जोर फुकट मिळतो.

ब्रेक आणि ऑइल

ब्रेक पॅड झिजणारा भाग आहे. पहिले संपले की मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचे किंवा कंपनीच्याच यादीतले चांगले पॅड घ्या. ब्रेक ऑइल बहुतेक गाड्यांना डॉट ४ लागतं आणि ते मुदतीत बदलावं लागतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडं चार महिने ओलच असते. स्टीलच्या जाळीचे होज मात्र आता नको. ते बसवायला एबीएसची हायड्रॉलिक लाइन उघडावी लागते.

इंजिन ऑइलची ग्रेड मॅन्युअल सांगेल तीच. कारचं ऑइल महाग आणि ‘सिंथेटिक’ आहे म्हणून घालू नका. ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो अशा) गाडीला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं, नाहीतर क्लच घसरतो. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलनं पॉवर वाढते हाही समज सोडून द्या. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न पडण्याची क्षमता. मॅन्युअलमध्ये आहे तो आकडा मिळाला की पुरे.

रात्रीचा उजेड आणि वायरिंग

आपल्या भागात एका गोष्टीवर पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चिकोडी, रायबाग, गोकाक, अथणी, संकेश्वर भागात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि बाहेर आलेला ऊस रस्त्याच्या मधोमध. ६० च्या वेगात तुम्ही सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाता. मूळ हेडलाइटच्या कडेला अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. इथं दोन हॉर्सपॉवर काही कामाच्या नाहीत, दोन चांगले दिवे जीव वाचवतात.

कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीच्या यादीत ऑक्झिलरी लाइट असतील तर तेच घ्या. महाग असतात, पण कपलर जागेवर बसतो, वायर कापावी लागत नाही, आणि त्यांची वॉरंटी वेगळी मिळते. बाहेरचे घ्यायचे असतील तर हे कसोशीनं पाळा. मूळ वायरिंगची एकही वायर सोलायची नाही. दिव्यांची वेगळी हार्नेस (वायरींचा तयार संच) असते. तिचा करंट थेट बॅटरीवरून, रिलेमधून घ्यायचा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बसवायचा. वीस-वीस वॉटचे दोन दिवे म्हणजे चाळीस वॉट. बारा व्होल्टला साधारण ३.३ अँपिअर. म्हणजे ५ चा फ्यूज बरोबर. ‘सारखा उडतोय’ म्हणून कोणी १५ चा घालत असेल तर त्याच्या हातून गाडी काढून घ्या. फ्यूज उडतोय याचा अर्थ कुठं तरी वायर घासते आहे.

हेडलाइटच्या वायरला दिवे जोडून देणारे गॅरेजवाले ‘काय होत नाही की ओ’ म्हणतात. जुन्या गाड्यांवर खरंच काही होत नव्हतं. आताच्या गाड्यांत दिवे, मीटर, एबीएस आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) एकमेकांशी बोलतात, आणि नको तिथं ओढलेला करंट भलत्याच जागी एरर दाखवतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं सीट उघडली की त्याची पहिली नजर बॅटरीच्या टर्मिनलवर आणि कपलरांवर जाते. तिथं काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली की तुमचा बंद पडलेला मीटरसुद्धा ‘बाहेरच्या वायरिंगमुळं’ या सदरात जमा होतो.

दिवे हेडलाइटच्या खाली बसवा, किंचित खाली झुकवा, समोरून कोणी आलं की आणि गावात शिरताना बंद करा. रंगीत आणि लुकलुकणारे दिवे लावू नका.

सामान, रॅक आणि उद्यमबागचं लेथ

बेळगावचं एक वेगळेपण आहे. फाउंड्री आणि मशीन शॉपचं हे गाव, त्यामुळं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कोणी ना कोणी ओळखीचा ‘दे रे, मी करून देतो’ म्हणणारा असतोच, आणि काम खरंच उत्तम करतो. त्याचा उपयोग करून घ्या, पण मर्यादा ओळखून. गाडीवर आधीच असलेल्या बोल्टांना बसणारी सामानाची चौकट, फोनचा ब्रॅकेट, इंजिनाखालच्या पत्र्याचं जादा जाड कवच, एवढं ठीक. अ‍ॅक्सल, ब्रेक कॅलिपरचा ब्रॅकेट, फुटरेस्टचा मुख्य सांधा, हँडलचा क्लँप हे तिथं करून घेऊ नका. आणि फ्रेमवर वेल्डिंग तर कुठल्याच कारणानं नको. फ्रेमची वॉरंटी तिथंच संपते, वेल्डिंगचा करंट ईसीयूपर्यंत पोचला तर तोही जातो, आणि उष्णतेनं त्या जागची नळी कमकुवत होते.

वजन पुढं आणि खाली ठेवा. सगळ्यात जड वस्तू टॉप बॉक्समध्ये टाकली की हायवेला गाडी डोलते, मग चालक बिचाऱ्या शॉकला दोष देतो.

जिथं हात लावायचा नाही

आता सायलेन्सर, एअर फिल्टर आणि रीमॅप. नको म्हणतो तर कारण सांगायला हवं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ (धुराचे कडक सरकारी नियम) आलं. तेव्हापासून इंजिन सतत स्वतःचा धूर हुंगत असतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. साध्या पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल हे प्रमाण धरलेलं असतं. तुम्ही मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर लावलात की हवा जास्त येते. हळू चालवताना ईसीयू ते सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, आधी लिहिलेल्या तक्त्यावर चालतो, आणि त्या तक्त्यात ही जादा हवा नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. मग ते तापणं थांबवायला ‘बूस्टर’ येतो. तो हवेच्या तापमानाचा खोटा आकडा देऊन जास्त पेट्रोल ओततो, आणि अर्धवट जळालेलं ते पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) तापवतं. एका बदलासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि मिळतो तो मुख्यतः आवाज.

‘दाव्याच्या आधी काढून टाकू’ हेही आता चालत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ (इंजिनावर नजर ठेवून बिघाड टिपणारी यंत्रणा) आहे, एररच्या नोंदी राहतात. प्रोग्रॅम बदलल्याची खूण सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला दिसू शकते. तेलकट जाळीचा एअर फिल्टर धूळ कमी अडवतो. उसाच्या बैलगाड्या-ट्रॅक्टरांची आणि तांबड्या मातीची धूळ बघता मूळ कागदी फिल्टर जरा लवकर बदलणं केव्हाही परवडतं.

कायद्याचं वेगळंच आहे. वॉरंटी संपली तरी तो संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. बेकायदा बदलाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत.

कागद

जे काही बसवाल ते शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, जॉबकार्डवर नोंद करून बसवा. जॉबकार्ड आपल्याकडं इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतं; सही करण्याआधी तुमची तक्रार तुम्ही सांगितली तशीच लिहिली आहे का ते वाचून घ्या, कळलं नाही तर विचारा, आणि फोटो काढा. ‘गाडी चेक करणे’ अशी नोंद पुढं काहीच सिद्ध करत नाही. ‘थंड इंजिन सुरू करताना डावीकडून कडकड आवाज, तिसऱ्यांदा तक्रार’ ही नोंद करते.

विमा कंपनीलाही बसवलेल्या वस्तू लेखी कळवा. थोडा हप्ता वाढेल, पण अपघातानंतर बॉक्स आणि दिव्यांचे पैसे मागता येतील.

सीमाभागातले काही जण कोल्हापुरात गाडी घेतात. कंपनीची वॉरंटी चेसिस नंबरावर असते, एमएच ०९ असली म्हणून बेळगावात सर्व्हिसला अडचण यायचं कारण नाही. पण गाडी कायमची इकडं राहणार असेल तर बारा महिन्यांपलीकडं ती परराज्याच्या नंबरावर ठेवता येत नाही. एनओसी घेऊन केए २२ किंवा केए २३ ला नोंद करावी लागते आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो. हा हिशोब गाडी घेण्याआधी करा.

दावा नाकारलाच तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कोणत्या भागाचा दावा, पुस्तिकेतल्या कोणत्या अटीखाली, कोणत्या बदलामुळं नाकारला, हे लेखी मागा. दिव्यांमुळं मागचा शॉक गळतोय असं कारण लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ वेळा दावा पुन्हा तपासला जातो. नाहीच झालं तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. म्हणजे गाडी कोल्हापूरची असली तरी बेळगावच्या माणसाला बेळगावातच जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल फी लागत नाही. बरोबर न्यायला वॉरंटी पुस्तिका, सगळी जॉबकार्डं, ऑइल-टायरची बिलं आणि ते लेखी नकारपत्र लागेल.